द्रव, वायू आणि छोटी मोटार : हायड्रागॅस सस्पेन्शनचा इतिहास

१/ डिसेंबर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी जुलैत इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. पुढे युद्ध पेटले, कालवा बंद पडला आणि तेलाची वाहतूक खोळंबली. कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारींना एकाएकी मागणी आली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे (बीएमसी) प्रमुख सर लेनर्ड लॉर्ड यांनी अभियंता अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्याकडे छोट्या मोटारीचे काम सोपवले आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ अवतरली. ही कथा बहुश्रुत आहे. मोटारीच्या चाकांपाशी घडलेली दुसरी कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. हा धागा त्या कथेचा. 🧵

२/ मोटार लहान झाली की सस्पेन्शनचे काम अवघड होते. मिनीचे स्वतःचे वजन सुमारे ६०० किलो. तीत चार माणसे व थोडे सामान बसवले की तिनेकशे किलोंची भर पडते, म्हणजे वजन दीडपट होते. रिकाम्या गाडीला मऊ वाटणारी स्प्रिंग भरलेल्या गाडीत जमिनीला टेकू पाहते. भरलेल्या गाडीला पेलणारी स्प्रिंग रिकाम्या गाडीत दगडासारखी लागते. त्यात मिनीची चाके अवघ्या १० इंचांची. चाकांना वर-खाली होण्यास जागा थोडी. भार वाढेल तसा आपला कडकपणा वाढवणारी आणि तरीही चिमुकल्या जागेत मावणारी स्प्रिंग हवी होती.

३/ अशी स्प्रिंग रबराची असू शकते, हे अ‍ॅलेक्स मोल्टन (१९२०–२०१२) यांना घरातूनच ठाऊक होते. त्यांचे पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी चार्ल्स गुडइयर यांच्या व्हल्कनाइज्ड रबराचे नमुने अमेरिकेतून ब्रिटनमध्ये आणले आणि १८४८ मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी रबराचा कारखाना काढला. अ‍ॅलेक्स केंब्रिजमध्ये शिकले, महायुद्धाच्या काळात ब्रिस्टल विमान कंपनीत काम करून परतले आणि घरच्या धंद्यात शिरले. इसिगोनिस यांच्याशी त्यांची मैत्री जमली. १९५६ मध्ये घरचा कारखाना एव्हन रबर कंपनीकडे गेला, तेव्हा मोल्टन यांनी सस्पेन्शनवरील संशोधनासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली.

४/ मिनीला मोल्टन यांचे रबरी शंकू मिळाले. रबर जितके दाबावे तितके अधिक कडक होते, त्यामुळे भाराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. परंतु दोघांच्या मनातली खरी योजना वेगळी होती. पुढचे चाक आणि मागचे चाक द्रवाने एकमेकांस जोडावे, असा त्यांचा बेत होता. मिनीच्या वेळेपर्यंत तो सिद्धीस गेला नाही आणि ती ‘कोरड्या’ रबरावरच बाजारात उतरली. हौशी मंडळींच्या बोलण्यात आजही मिनीचे ‘कोरडी’ आणि ‘ओली’ असे दोन वर्ग पडतात, त्याचे मूळ इथे आहे.

५/ चाके एकमेकांस कशासाठी जोडायची? आखूड गाडीचे पुढचे चाक उंचवट्यावर चढते तेव्हा नाक वर उचलले जाते. क्षणार्धात मागचे चाक चढते आणि नाक खाली जाते. खराब रस्त्यावर गाडी पाळण्यासारखी पुढे-मागे डोलत राहते. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर जितके कमी, तितके हे डोलणे जास्त. फ्रान्समध्ये १९४८ साली प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन २सीव्हीने पुढची व मागची चाके दांड्या आणि स्प्रिंगांनी जोडून यावर तोडगा काढला होता. मोल्टन यांनी हेच काम पाण्याकडून करून घेतले.

६/ या रचनेचे नाव हायड्रोलास्टिक. प्रत्येक चाकापाशी एक डबा. त्यात रबरी स्प्रिंग, खाली लवचिक पडदा आणि मध्ये द्रव. हा द्रव म्हणजे पाणी, ते गोठू नये म्हणून अल्कोहोल आणि गंजरोधक द्रव्ये. डाव्या बाजूचे पुढचे व मागचे डबे एका नळीने जोडलेले, उजवीकडचे दुसऱ्या नळीने. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे ढकलला जातो आणि गाडीची मागची बाजू वर उचलतो. नाक एकटे उचलले जात नाही. गाडी आडवीच राहते. द्रवाच्या वाटेतील झडपा हेलकावे शमवत असल्याने निराळे शॉकअब्सॉर्बर लागत नसत.

७/ १९६२ च्या ऑगस्टमध्ये मॉरिस ११०० ही मोटार हायड्रोलास्टिकवर बाजारात आली. साठच्या दशकातील बहुतेक वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकली गेलेली मोटार याच मालिकेतली होती. योगायोगाने त्याच वर्षी मोल्टन यांनी लहान चाकांची, रबरी सस्पेन्शन असलेली सायकलही बाजारात आणली. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये मिनीही ‘ओली’ झाली. मिनी कूपर एसने माँटे कार्लो रॅली पहिल्यांदा जिंकली ती मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे कोरड्या रबरावर.

८/ रॅली आणि शर्यतीच्या मंडळींना ओल्या मिनीचा एक दोष खुपला. उंचवट्यावर गुण ठरणारा द्रवाचा प्रवास वेग घेताना दोष ठरतो. जोरात वेग घेतला की भार मागे सरकतो, मागचा द्रव पुढे पळतो, गाडी मागे बसते आणि नाक वर होते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला हे मारक. कोणी पुढच्या-मागच्या नळीची वाट बंद केली, तर कोणी सगळे उपसून पुन्हा कोरडे शंकू बसवले. कंपनीलाही ही रचना महाग पडत होती. १९६९ पासून मिनी टप्प्याटप्प्याने कोरड्या रबराकडे परतली. घरगुती फेरबदलांची परंपरा सुरू झाली ती या काळात.

९/ दरम्यान द्रवाला वायूची जोड फ्रान्समध्ये मिळाली होती. सिट्रोएनचे अभियंता पॉल माजेस यांची रचना १९५५ च्या डीएस मोटारीत पूर्ण रूपाने दिसली. तिच्यात स्प्रिंगचे काम पोलादी गोळ्यात कोंडलेला नायट्रोजन करी आणि इंजिनावर चालणारा पंप गाडीची उंची सतत राखी. फाटका टायर असतानाही १९६२ च्या हल्ल्यातून द गॉल यांना सुखरूप बाहेर काढणारी मोटार हीच. पण पंप, साठवण टाकी आणि झडपा यांचा हा संसार मोठ्या, महागड्या गाडीला शोभणारा होता. स्वस्त, छोट्या गाडीला पंपाशिवाय चालणारे काही हवे होते.

१०/ मोल्टन यांचे उत्तर होते हायड्रागॅस. हायड्रोलास्टिकच्या डब्यातील रबरी स्प्रिंग काढून तिच्या जागी कायमचा कोंडलेला नायट्रोजन ठेवायचा. वायू व द्रव यांच्यामध्ये रबरी पडदा. पंप नाही, इंजिनाशी संबंध नाही. द्रव भरण्यासाठी एक झडप असते. वायूचा गोळा मात्र कारखान्यातच सीलबंद होतो. खराब झाला तर दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. १९७३ ची ऑस्टिन अ‍ॅलेग्रो ही हायड्रागॅसवरची पहिली मोटार. ब्रिटिश लेलँडच्या पडत्या काळाचे प्रतीक म्हणून तिची पुढे यथेच्छ टिंगल झाली आणि तिच्याखालची चांगली कल्पनाही त्या बदनामीत झाकोळली.

११/ १९८० मध्ये कंपनीने सारी आशा मिनी मेट्रो या छोट्या मोटारीवर लावली. मेट्रोला हायड्रागॅस मिळाले, पण अर्धे. पुढची चाके मागच्या चाकांना जोडलीच नव्हती. मागची दोन चाके एकमेकांस जोडली होती आणि पुढच्या चाकांना निराळे शॉकअब्सॉर्बर होते. जी जोडणी या कल्पनेचा प्राण होती, ती वगळूनच गाडी विकली गेली. मेट्रो खपली भरपूर. पण आखूड गाडीचे डोलणे तिला चुकले नाही.

१२/ यानंतर खुद्द निर्मात्यानेच गॅरेजातल्या हौशी माणसाचा मार्ग धरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास मोल्टन यांनी स्वतःच्या खटपटीने एका मेट्रोत फेरबदल केले, पुढची-मागची चाके मूळ कल्पनेप्रमाणे जोडली आणि ती गाडी जाणकारांना चालवावयास दिली. फरक इतका स्पष्ट होता की कंपनीला तो नाकारता आला नाही. १९९० च्या मे महिन्यात आलेल्या रोव्हर मेट्रोत ही जोडणी अखेर आली आणि छोट्या गाडीत मोठ्या गाडीची चाल आल्याची वाखाणणी झाली. कारखान्याने वगळलेली गोष्ट एका फेरबदल केलेल्या गाडीने परत मिळवली.

१३/ इथे किट कारचा प्रवेश होतो. ब्रिटनमध्ये सुट्या भागांच्या रूपात विकल्या जाणाऱ्या मोटारीला खरेदीकर लागत नसे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर येईपर्यंत ही सवलत टिकली आणि तिच्या आधाराने घरी बांधायच्या मोटारींचा एक लहानसा उद्योगच उभा राहिला. मिनीचे इंजिन, गिअर, चाके व सस्पेन्शन एका सबफ्रेमवर एकत्र बसवलेले असल्याने ती या कामी फार सोयीची. १९६५ मध्ये आलेली मिनी मार्कोस ही त्यांतलीच. १९६६ च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत तिने पंधरावे स्थान मिळवले. शर्यत पूर्ण करणारी ती एकमेव ब्रिटिश मोटार होती.

१४/ १९६७ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात जीटीएम ही किट कार आली. तिच्या कर्त्यांनी मिनीची पुढची सबफ्रेम उचलून गाडीच्या मागे बसवली. इंजिन चालकाच्या पाठीमागे आले आणि दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार तयार झाली. पुढे मेट्रोचे भाग वापरून याच घराण्यात के३ ही गाडी निघाली आणि हायड्रागॅस किट कारमध्ये दाखल झाले. विशेष म्हणजे १९९५ मध्ये रोव्हरने एमजी एफ ही स्पोर्ट्स कार काढताना तोच मार्ग धरला : मेट्रोच्या सबफ्रेमा, मध्ये इंजिन आणि जोडलेले हायड्रागॅस. घरी बांधायच्या मोटारीतली मांडणी २८ वर्षांनी मोठ्या कारखान्याच्या गाडीतही दिसली.

१५/ परंतु मेट्रोसाठी बेतलेले सस्पेन्शन हलक्या किट कारखाली नेले की ते मूळ गाडीप्रमाणे वागत नाही. नवख्याचा हात प्रथम द्रवाच्या झडपेकडे जातो. द्रव काढला की गाडी खाली बसते, भरला की उठते. हे इतके सोपे आहे की सारे सस्पेन्शन याच झडपेतून जुळवता येते असा समज होतो. तो चुकीचा आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो स्प्रिंग नव्हे. गोळ्यातला दाब ठरतो तो चाकावरच्या भाराने, आणि त्या दाबाला नायट्रोजन किती जागा व्यापणार हे ठरते तो किती आहे यावरून. द्रव कमी-जास्त केल्याने बदलते ती प्रामुख्याने उंची. गाडी मऊ की कडक, हे वायू ठरवतो.

१६/ हा भेद जुन्या गाडीत महत्त्वाचा ठरतो. रबरी पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षे अतिशय सावकाश झिरपून जातो. समजा, पाचवा हिस्सा वायू गेला. भार तोच, म्हणून दाब तोच. पण वायूचे आकारमान आता ८० टक्के. तितक्याच दाबाचा लहान वायू अधिक कडक असतो. बॉइलच्या नियमाने हिशेब केला तर सव्वापट. गाडी खाली बसते आणि आदळू लागते. मालक द्रव भरून उंची पूर्ववत करतो व दुरुस्ती झाली असे समजतो. उंची परत येते. सव्वापट कडकपणा तसाच राहतो. लक्षण गेले, व्याधी राहिली.

१७/ आता हलक्या गाडीचा हिशेब. नेहमीच्या धातूच्या स्प्रिंगवर हलकी गाडी ठेवली तर ती अधिक वेगाने उसळते, कारण स्प्रिंग तीच राहते. वायूचे उलटे आहे. भार २० टक्क्यांनी घटला तर दाब घटतो आणि वायू फुगतो. दोहोंच्या परिणामाने कडकपणा भाराच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ६४ टक्क्यांवर येतो. गाडी उंच उभी राहते आणि मूळ गाडीपेक्षा संथ, सैल डोलते. स्पोर्ट्स कारला नको असलेले नेमके तेच. द्रव काढून उंची उतरवता येते, पण हा सैलपणा जात नाही.

१८/ दोन्ही हिशेब एकत्र मांडले की मजेशीर निष्कर्ष निघतो. गाडी २० टक्के हलकी आणि गोळ्यांतून २० टक्के वायू गेलेला, तर दाब ८० टक्के, वायूचे आकारमान मूळचेच आणि कडकपणा ८० टक्के. म्हणजे वजनाच्या प्रमाणात अगदी योग्य. उंचीही मूळचीच. थकलेले गोळे हलक्या किट कारमध्ये ‘उत्तम’ का वाटू शकतात, आणि नव्याने वायू भरल्यावर ती अचानक सैल का होते, याचे उत्तर इथे आहे. प्रत्यक्षात निमुळता पिस्टन, पडद्याचा आकार आणि सहायक स्प्रिंग यांनी आकडे थोडे बदलतात. पण वायू गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असावा, हे सूत्र बदलत नाही.

१९/ दुसरी अडचण जोडणीची. एका बाजूची दोन्ही चाके एकाच नळीवर असल्याने त्यांच्यातला दाब समान असतो. म्हणून फक्त नाक खाली किंवा फक्त मागची बाजू वर, असे द्रवाने करता येत नाही. मेट्रोचे बहुतांश वजन पुढे. इंजिन मागे नेलेल्या किट कारचे वजन मागे. ही तफावत जुळवण्यासाठी सस्पेन्शनचा दांडा आणि पिस्टन यांच्यामधल्या सांध्याची लांबी बदलावी लागते. काही हौशी कारागीर त्या जागी स्क्रूने लांबी बदलता येणारा सांधा बसवतात. तसेच चार गोळ्यांतून वायू सारखा गेलेला नसतो, म्हणून डावी-उजवी बाजू स्वतंत्र तपासावी लागते.

२०/ त्यामुळे जाणकारांचा क्रम ठरलेला असतो. आधी चारही चाकांवरचा भार मोजायचा, मग वायू, मग सांध्यांची लांबी, मग द्रवाने उंची आणि शेवटी शॉकअब्सॉर्बर. उंची आधी उतरवली तर दांडा रबरी ठोकळ्यावर टेकतो, गाडी आदळते आणि दोष वायूला दिला जातो. सीलबंद गोळ्याला झडप बसवून पुन्हा नायट्रोजन भरण्याची युक्तीही मालकांच्याच वर्तुळात रुळली. हे काम जोखमीचे आहे. टायरमध्ये प्रति चौरस इंच ३० पौंडांच्या आसपास दाब असतो. इथे तो शेकड्यांत. दाबाखालील गोळ्याला ड्रिल लावणे किंवा वेल्डिंग करणे जीवघेणे ठरू शकते.

२१/ कारखान्यांतील अध्याय लवकरच संपला. मेट्रोचे नाव बदलून रोव्हर १०० झाले. १९९७ च्या युरो एनकॅप सुरक्षा चाचणीत तिला एकच तारा मिळाला आणि तिचे उत्पादन थांबले. त्यात सस्पेन्शनचा दोष नव्हता. गाडीचा साचाच १९८० चा होता. २००२ मध्ये एमजी एफची जागा एमजी टीएफने घेतली, ती धातूच्या स्प्रिंगांवर. हायड्रागॅसवरची नवी मोटार त्यानंतर निघाली नाही. २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनीही बुडाली.

२२/ तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना कंपनीची कागदपत्रे हे पहिले साधन मानले जाते. हायड्रागॅसच्या बाबतीत ते अपुरे पडते. कंपनीच्या दृष्टीने गोळा सीलबंद होता, म्हणून गाडीची उंची राखणे हेच देखभालीचे काम. वायू किती उरला, तो पुन्हा कसा भरावा, हलक्या गाडीला किती पुरे, हे प्रश्नच तिथे उद्भवत नव्हते. ते उद्भवले सुटे भाग मिळेनासे झाल्यावर, आणि त्यांची उत्तरे घरच्या गॅरेजात गाडी बांधणाऱ्यांनी शोधली. मोल्टन यांनीही आपली अर्धवट राहिलेली कल्पना पूर्णत्वास नेली ती एका मेट्रोत हात घालूनच. आज एखादी के३ किंवा एमजी एफ आपल्या मूळच्या चालीने धावते, तेव्हा ते ज्ञान कारखान्याकडून नव्हे, या मंडळींकडून आलेले असते.

#इतिहास #तंत्रज्ञानाचाइतिहास #मराठीधागा